विश्लेषण : इंग्रजीच्या पेपरात ८५ गुण, मग मुलाखतीत गाडी कुठे अडते?

मुरुड (ता. लातूर) : ‘मुरुड’ एवढेच टाइप केले की मोबाइल आधी कोकणातला जंजिरा दाखवतो. लातूरहून बार्शीकडे जाताना लागणारे मराठवाड्यातले मुरुड त्याच्या खाली कुठेतरी असते. बाजाराच्या या गावातून सकाळच्या एसटीने लातूरला शिकवणीला जाणाऱ्या पोरांचे गणित-विज्ञान पक्के असते. इंग्रजीच्या पेपरातही ८०-८५ गुण पडतात. अडचण चार-पाच वर्षांनी येते. पुण्यातल्या कंपनीत समोरचा माणूस हसून ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हणतो, उत्तर ‘मायसेल्फ...’ने सुरू होते आणि तिसऱ्या वाक्याला गाडी घाटात बंद पडते.

यावर ठरलेली तीन कारणे सांगितली जातात. भाषा गावाकडची, माध्यम मराठी आणि उच्चार देशी. तिन्ही कारणे सोयीची आहेत, कारण त्यांच्या जोरावर ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक लागतात. पण सहजपणे परकी भाषा बोलणे म्हणजे नेमके काय, हे पाहिले तर ही तिन्ही कारणे लंगडी पडतात.

सहज बोलणे म्हणजे काय?

आधी उलट बाजूने पाहू. मराठी पुस्तकातून शिकलेला एखादा परदेशी माणूस मुरुडच्या बाजारात आला आणि म्हणाला, ‘आपण काय करत आहात?’ व्याकरणात चूक शून्य. तरीही चहाच्या टपरीवर सगळे वळून बघतील. पुण्यात हेच वाक्य ‘काय करतोयस?’ होते आणि लातूर-नांदेडकडे ‘काय करूलालास?’ होते. चार गावे पलीकडे ‘काय करायलास?’ ऐकू येते. ‘करत आहेस’मधला ‘आहेस’ बोलताना झिजून क्रियापदाला चिकटला आहे. हे कुणी शिकवलेले नसते, कानाने उचललेले असते.

इंग्रजीतही नेमके हेच घडते. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे पुस्तकातले वाक्य तोंडात ‘व्हॉटय गना डू’ होते. मधले शब्द दबतात, अर्थ वाहणारे शब्द उठून दिसतात. मराठी बोलताना बहुतेक अक्षरांना जवळपास सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत तसे नाही. एक अक्षर ठासून बोलायचे आणि शेजारची दोन-तीन गिळायची, ही तिची चाल. आपल्याकडची मुले इंग्रजी वाक्य प्रत्येक शब्दाला समान न्याय देत बोलतात. न्याय चांगला, पण ऐकणाऱ्याला महत्त्वाचे कोणते ते कळत नाही. इंग्रजी सिनेमा सबटायटलशिवाय समजत नाही, त्याचे एक मोठे कारणही हेच. शब्द माहीत असतात, पण त्यांचे झिजलेले रूप कधी ऐकलेलेच नसते.

२०० मिलिसेकंदांची शर्यत

दुसरा मुद्दा वेगाचा. २००९ मध्ये जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असते. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दुसरीकडे, एखादे चित्र पाहून त्याचे साधे नाव उच्चारायला माणसाच्या मेंदूला याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ उघड आहे. समोरचा बोलत असतानाच आपले उत्तर तयार होत असते.

आता मराठीत विचार करून, त्याचे मनात भाषांतर करून, काळ तपासून, मग बोलणाऱ्याचे काय होणार? इंजिनिअरिंगच्या पोरांच्या भाषेत सांगायचे तर नेटवर्क चांगले आहे, पण लेटन्सी फार आहे. शब्दसाठा कमी नसतो. शब्द एकेक करून गोदामातून आणावे लागतात, ही खरी अडचण.

अस्खलित बोलणारा माणूस शब्द जोडत बसत नाही, तो तयार तुकडे वापरतो. मराठीत ‘त्याचं काय आहे बघा’, ‘खरं सांगायचं तर’, ‘बघू, जमलं तर’ हे तुकडे कुणी जुळवून बोलतो का? ते आख्खेच्या आख्खे बाहेर पडतात आणि तेवढ्या वेळात मेंदू पुढचे वाक्य रचतो. इंग्रजीत ‘द थिंग इज’, ‘टू बी ऑनेस्ट’, ‘लेट मी पुट इट धिस वे’ हे तसेच तुकडे आहेत. आपल्याकडे शब्दार्थांच्या याद्या पाठ होतात, तुकडे होत नाहीत. मग अडल्यावर तोंडातून ‘आ... आ...’ निघते. अडखळतो तर इंग्रजही, पण तो बहुधा वाक्याच्या सांध्यावर थांबतो. नवशिका कर्ता आणि क्रियापदाच्या मध्येच थांबतो. ऐकणाऱ्याच्या मनात ‘याला येत नाही’ असा शिक्का याच जागी बसतो.

उच्चार किती सुधारायचे?

इथे बाजारात सर्वाधिक दिशाभूल होते. ‘न्यूट्रल ॲक्सेंट’च्या नावाखाली घसघशीत फी घेऊन मुलांना ‘थ’ आणि ‘द’साठी जीभ दातांमध्ये धरायला लावतात.

कॅनडातले संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. बोलण्याला परकी धाटणी किती आहे, ते समजायला किती कष्ट पडतात आणि प्रत्यक्षात किती समजते. निष्कर्ष असा, की धाटणी चांगलीच परकी असूनही बोलणे पूर्ण समजू शकते. ब्रिटनच्या जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये त्यापुढे जाऊन यादीच मांडली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा दोन माणसांना एकमेकांचे बोलणे समजायला कोणते उच्चार लागतात आणि कोणते सोडून दिले तरी चालते, याची. दातांत जीभ धरायचा तो प्रसिद्ध उच्चार त्यांनी ‘सोडला तरी चालेल’ या बाजूला टाकला. मराठी माणसाचा ‘थँक यू’मधला सरळ ‘थ’ जगभर समजतो. त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

मोजायचेच तर दुसरीकडे लक्ष द्यावे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणारे प, ट, क हवेच्या झोताबरोबर बाहेर पडतात. मराठीतला ‘प’ झोताशिवाय असतो, त्यामुळे परक्या कानाला तो ‘ब’सारखा वाटू शकतो. ‘पॅक’चे ‘बॅक’ व्हायला वेळ लागत नाही. गंमत म्हणजे हा झोत मराठी माणसाला जन्मजात येतो. क आणि ख, ट आणि ठ यांत फरक त्या झोताचाच तर आहे. येणारी गोष्ट कुठे वापरायची, एवढेच सांगायचे बाकी असते.

तसेच ‘शिप’ आणि ‘शीप’चे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत गुण कापले जातात, पण बोलताना त्या फरकावर फारसे काही अवलंबून नसते. इंग्रजीत त्यावर जहाज की मेंढी हे ठरते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची तऱ्हा आणखी निराळी. मराठी लिपीने ‘व’ आणि ‘व्ह’ असा तोडगा काढला, पण ‘व्हिडिओ’ म्हणताना त्यात ‘ह’ मिसळतो. मूळ उच्चारात ‘ह’ कुठेच नाही, वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढलेला तो आवाज आहे.

बाकी ट-ड जरा जाड येतात, येऊ द्यावेत. लातूरच्या माणसाचे इंग्रजी लातूरचेच वाटणार. स्कॉटलंडचेही इंग्रजी स्कॉटलंडचेच वाटते आणि त्यावरून तिथे कुणी खाली मान घालत नाही.

‘च’चे काम आवाजाने

एक गोष्ट मात्र अजिबात सोडून चालत नाही. वाक्यातल्या कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, ती. जेनकिन्स यांच्या यादीतही ती ‘हवीच’ या बाजूला आहे.

मराठीकडे यासाठी छोटे छोटे शब्द आणि प्रत्यय आहेत. ‘मीच लातूरला गेलो होतो’ आणि ‘मी लातूरलाच गेलो होतो’ यांत केवढा फरक पडला! ‘च’ने सगळे काम केले. ‘तर’, ‘पण’, ‘सुद्धा’, ‘की’ हे त्याचेच भाऊबंद. इंग्रजीत ‘च’ नाही. तिथे शब्द तेच राहतात, फक्त आवाज चढतो. ‘आय वेंट टू लातूर’मध्ये ‘आय’वर जोर दिला तर ‘मीच’, ‘लातूर’वर दिला तर ‘लातूरलाच’. हे कुणी न सांगितल्यामुळे आपली मुले एकसुरी बोलतात. किंवा मग ‘च’ची सोय म्हणून वाक्याच्या शेपटीला ‘ओन्ली’ लावतात. ‘आय वेंट टू लातूर ओन्ली.’ त्या ‘ओन्ली’ला हसणे सोपे आहे. तो कुठून आला हे वर्गात पाच मिनिटांत समजावून सांगता येईल, ते मात्र फारसे कुणी करत नाही.

बाजारात शिकलेली भाषा

मराठवाड्याला परकी भाषा जमत नाही, हा समज तर इतिहासालाच धरून नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूतून चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. आजोबांच्या पिढीत घरी मराठी, कचेरीत उर्दू असा संसार बिनबोभाट चालला.

निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे त्यातले ठळक नाव. मराठी, उर्दू, फारसी, इंग्रजी अशा भाषांत त्यांचा संचार होता. संस्थानच्या नोकरीत आदिलाबादकडे असताना ते गोंडी शिकले. विद्वान म्हणून त्यांचे उदाहरण बाजूला ठेवायचे म्हटले तरी हरकत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारात तेलुगू आणि उदगीर, देवणीकडे कन्नड बोलणारा साधा व्यापारी आजही सापडतो. आणि दखनी तर सगळ्यांचीच. नांदेड-लातूरच्या मोंढ्यात हमाल, अडते, रिक्षावाले ती बिनदिक्कत बोलतात. तिचा क्लास नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही.

दखनीने मराठीकडून बरेच घेतले. ‘नक्को’ हा आपलाच ‘नको’. ‘ऐसाइच’मधला ठसका आपल्याच ‘च’चा. दोन भाषा शेजारी राहिल्या की एकमेकींच्या लकबी अशा सहज उचलतात. ज्या माणसाने दखनी अशी कानाने उचलली, त्याचाच मुलगा इंग्रजीपुढे गारठतो, तेव्हा दोष डोक्याचा नसतो. दखनी शिकताना चुकले तर सौदा थांबत नव्हता. इंग्रजीत चुकले की वर्ग हसतो.

जपानी जवळची, इंग्रजी लांबची?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेची गोष्ट २०२० मध्ये बातम्यांत आली होती. कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल, असे मुलांना विचारले गेले. रोबोटची ओढ असलेल्या मुलांनी जपानी निवडली आणि शिकायलाही लागली. तेव्हा त्याचे कौतुक ‘खेड्यातल्या मुलांचा चमत्कार’ असे झाले. चमत्कार वगैरे म्हणण्यापेक्षा भाषेची ठेवण पाहिली तर ती निवड किती शहाणपणाची होती ते कळते.

जपानीत क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते. ‘ला’, ‘चा’, ‘ने’सारखी कामे शब्दामागे लागणारे छोटे शब्द करतात. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा. ‘येतोस का?’मधल्यासारखाच, त्याच जागी. दुजोरा मागायला शेवटी ‘ने’ येतो, तो आपल्या ‘ना’च्या जवळचा. अक्षरांची चालही इंग्रजीपेक्षा सपाट. आणि ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ म्हणायला अमेरिकन माणूस अडखळतो, तो ‘चूल’, ‘चाक’, ‘चांगला’ म्हणणाऱ्या मराठी तोंडाला घरचाच आहे.

जर्मनमध्येही हा आवाज जागोजागी येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलांमध्ये जर्मनची चर्चा वाढली. तिथे जाणाऱ्याला रुग्णाशी, फोरमनशी, घरमालकाशी बोलावे लागणार. रुग्णाने कुठे दुखते ते अर्धवट, झिजलेल्या शब्दांत सांगितले तर ते कळण्याची तयारी कागदावरच्या परीक्षेतून होत नाही.

शाळेत २० गुण आहेत, बोलणे नाही

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होती. म्हणजे आज विशीत असलेला प्रत्येक जण दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडला आहे. दहा वर्षांत त्याने सलग दोन मिनिटे इंग्रजीत किती वेळा बोलले असेल? बहुतेकांचे उत्तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येईल.

दहावीला भाषा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. २०१८-१९ मध्ये हे २० गुण काढून टाकले गेले. त्या वर्षी दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. वाद सगळा निकालाच्या टक्क्यांचा झाला. या गुणांत मुले खरोखर बोलतात का, हा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर नव्हता आणि आजही नाही. बोलण्याची परीक्षा घ्यायला वेगळा कायदा नको, वेगळा निधी नको. जागा आधीच राखून ठेवलेली आहे, ती भरली जात नाही, एवढेच.

‘लातूर पॅटर्न’चे यश ज्या सवयीवर उभे राहिले, ती सवय इथे नेमकी उपयोगाची आहे. तोच प्रश्नप्रकार पुन्हा पुन्हा, वेळ लावून, हात बसेपर्यंत सोडवायचा. लिहिण्याच्या बाबतीत हा सराव पराकोटीला गेला, तोंडाच्या बाबतीत सुरूच झाला नाही. भाषा बोलणे हे ज्ञानापेक्षा कौशल्याच्या जवळचे आहे. पोहण्यावरचे पुस्तक वाचून कुणी विहिरीत उडी मारत नाही.

त्यात आता मुलाखतीआधी यंत्र बसले आहे. ‘व्हर्संट’सारख्या स्वयंचलित चाचण्यांत उमेदवार फोनवर किंवा संगणकावर बोलतो आणि गुण संगणक देतो. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणा, शब्दांचे तुकडे जोडून वाक्य करा, गोष्ट ऐकून परत सांगा, असे प्रश्न. वाक्यरचना आणि शब्दसंग्रहाबरोबर ओघ आणि उच्चार यांचे गुण वेगळे. दहा-बारा शब्दांचे वाक्य एकदा ऐकून परत म्हणायचे तर ते सुटे शब्द म्हणून लक्षात राहत नाही, तीन-चार तुकडे म्हणून राहते. ज्याच्याकडे तुकडे नाहीत तो इथेच गळतो. त्याला कारणही कुणी सांगत नाही, फक्त ‘नॉट सिलेक्टेड’चा मेल येतो.

खिशातल्या फोनवर काय करता येईल?

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी प्रसिद्ध केलेली ४-३-२ ही पद्धत कुठल्याही क्लासशिवाय करता येते. एकच विषय घ्यायचा. समजा, मुरुडचा बाजार किंवा सोयाबीनची काढणी. त्यावर चार मिनिटे इंग्रजीत बोलायचे. मग तेच दुसऱ्या कुणाला तीन मिनिटांत सांगायचे आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्याने काय बोलायचे याचा ताण उतरतो आणि तुकडे जुळू लागतात. तिसऱ्या वेळी ‘आ... आ...’ किती कमी झाले, ते रेकॉर्डिंग ऐकून स्वतःलाच कळते. विषय ओळखीचाच असावा. ‘ग्लोबल वॉर्मिंग’वर मराठीतही चार मिनिटे बोलता येत नाहीत, तिथे इंग्रजीला दोष का द्यायचा?

दुसरा सराव सावलीसारखा. मिनिटभराची क्लिप लावायची आणि बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच्याबरोबर बोलत जायचे. अर्थाकडे नाही, चढ-उताराकडे आणि गिळलेल्या अक्षरांकडे लक्ष ठेवायचे. बातम्या वाचणाऱ्यापेक्षा गप्पा मारणाऱ्याची क्लिप बरी. बातमीदार स्पष्ट बोलतो, माणसे तशी बोलत नाहीत. आरशासमोर एकट्याने बोलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आरसा मध्येच प्रश्न विचारत नाही. २०० मिलिसेकंदांची सवय समोर माणूस असल्याशिवाय लागत नाही.

असा माणूस शोधायला पुण्याला जावे लागत नाही. मुरुड-लातूर एसटीत रोज शेजारच्या सीटवर तोच मित्र असतो, त्याचीही अडचण तीच असते. दोघांनी जाताना एकाने, येताना दुसऱ्याने बोलायचे ठरवले तर आठवड्याला बारा फेऱ्या होतात. पहिल्या दोन-तीन दिवशी मागच्या सीटवरचे हसतील. कंडक्टरही एखादा टोमणा मारेल. त्याला उत्तर दखनीत द्यायला हरकत नाही.